किक बदललीस, गाणं कुठंय?

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला रिमेक तीनदा ऐकला. दोनदा हेडफोनवर, एकदा कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत. मिक्स स्वच्छ आहे, किक (ड्रमचा जाड ठोका) छातीत बसते. पण जुन्या गाण्यातलं सगळं जागच्या जागी ठेवून खाली नवा ठोका घातलायस. वाड्याला ऑइलपेंट फासून 'नवीन बांधकाम' म्हणावं, तसं. (वरातींमध्ये वाजवताना मी हाच उद्योग कित्येक वर्षं केलाय, म्हणून लगेच ओळखू आला.)

अमेरिकन गायिका रॉबिन एसचं 'शो मी लव्ह' घे. 1990 मध्ये आलं आणि फारसं चाललं नाही. दोनेक वर्षांनी स्वीडनचा डीजे स्टोनब्रिज याने त्यातला गायिकेचा आवाज ठेवला आणि खालचं संगीत नव्याने बांधलं. कॉर्ग एम1 कीबोर्डमधला तयार ऑर्गन घेतला आणि त्यावरच बेस वाजवला. कंपनीने भरून दिलेला प्रीसेट रे! आज लोकांना गाण्याआधी तो ऑर्गन आठवतो. ज्याला सगळे 'ओरिजिनल' समजून रिमेक करतात, तोच मुळात रिमिक्स आहे.

आता वेगाचं. आपल्या आशाबाईंवरचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' 1997 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 60व्या क्रमांकापर्यंतच पोचलं होतं. नॉर्मन कुक (डीजे फॅटबॉय स्लिम) याने ते पळवलं, वेगाबरोबर सूरही चढला, आणि 1998 च्या फेब्रुवारीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तो चढलेला आवाज त्याला हवा होता. तू मिनिटाला 118 ठोक्यांवरून 128 वर गेलास तेव्हा तुझ्या रिमेकमधल्या गायिकेचा आवाज चिरका झाला, तो मात्र तुझ्याकडून 'झाला'. फरक ऐकू येतो.

हक्कांचं विसरू नकोस. रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. 'कॉल ऑन मी'साठी स्वीडिश डीजे एरिक प्रिड्झने ब्रिटिश गायक स्टीव्ह विनवुडच्या 'व्हॅलरी'चा तुकडा वापरला होता. विनवुडला तो इतका आवडला, की त्याने ओळी पुन्हा गाऊन दिल्या. आपलं नशीब एवढं नसतं. गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेतलंस, तरी रचनेची परवानगी लागतेच.

रविवारी प्रोजेक्ट घेऊन घरी ये. येताना गायिकेचा आवाज सोडून सगळे ट्रॅक म्यूट करून आण. तिथून सुरू करू. गल्ली पेठेतली आहे, सबवूफर रात्री दहाला बंद.

तुझा,
दादा