ड्रायर फिरतोय पण कपडे ओलेच

प्रश्न: मुलुंडला आमच्याकडे मागून पाइप बाहेर काढायचा ड्रायर आहे. गेले दोन आठवडे ड्रम व्यवस्थित फिरतो, गरम पण होतो, तरी टॉवेल दोन-दोन फेऱ्या मारून दमटच, जीन्सच्या कंबरेला ओल, आणि मध्येच स्क्रीनवर डी ९० येतं. मेकॅनिक म्हणतो हीटर आणि पीसीबी (मशीनचं कंट्रोल बोर्ड) दोन्ही बदला, साडेआठ हजार होतील. करून घेऊ का?

उत्तर: ताई, एक रुपया पण देऊ नका अजून. ड्रम गरम होतोय म्हणजे हीटर चालू आहे, आणि पीसीबी तर त्याचं काम चोख करतोय, म्हणून तर तो तुम्हाला कोड दाखवतोय. ज्या मशीनवर डी ८०, डी ९०, डी ९५ असे कोड येतात तिथे तो आकडा म्हणजे हवेची वाट साधारण किती टक्के तुंबलीय ते, तुमच्या मशीनच्या पुस्तकात पण एकदा बघून घ्या कारण प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे. ड्रायर कपडे भाजत नाही हो, तो गरम हवा कपड्यांतून नेतो आणि ओलाव्यासकट बाहेर टाकतो, बाहेर जायला वाटच नसेल तर कपडे त्याच दमट हवेत गोल गोल फिरत बसतात.

आधी प्लग काढा, मशीन हळूच पुढे ओढा आणि मागे बघा. आपल्याकडची बाल्कनी केवढी असते माहितीये ना, मशीन भिंतीला चिकटवून ठेवतात आणि तो ४ इंची पाइप मागे दबून पापडासारखा चपटा होतो. सरळ करा, जमेल तेवढा आखूड ठेवा. मग बाहेरचं टोक. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मुंबईत हे हमखास होतं, कबुतरं! मागच्या जुलैत घाटकोपरला एका घरी पाइप सोडवला तर आधी लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा, ओला राखाडी गोळा निघाला, आमटीच्या वाटीएवढा, त्याच्यामागे काड्या, पिसं, खराट्याचे हीर, आणि तोंडावरचं झाकण कबुतरांच्या घाणीने असं चिकटलेलं की बोटाने उघडेना. त्यांना पण हीटर बदला म्हणूनच सांगितलेलं. सगळं साफ केलं आणि तेच टॉवेल एका फेरीत कडक वाळले, नवीन पार्ट एकही नाही. घरटं काढताना मास्क आणि ग्लोव्हज घाला, ती धूळ फुप्फुसांना फार वाईट. ग्रिलबाहेर वाकून हात घालू नका, पाइप आतून सोडवा. आणि पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावायचा मोह होईल, नका लावू, लिंट तिथेच अडकते, हवेने आपोआप उघडणारं झाकण बसवा.

काही जण कंटाळून पाइप खोलीतच सोडून देतात. मशीनमधून पिळून काढलेल्या ४ किलो कपड्यांत सुद्धा दोनेक लिटर पाणी असतं, ते सगळं तुमच्या भिंतींवर जाणार, पावसाळ्यात आधीच हवा ओली, आठ दिवसांत कपाटामागे बुरशी येते.

प्रश्न: ऑटोवर लावलं की १५ मिनिटांत ड्रायर बंद, कपडे ओलेच. टायमरवर लावलं तर नीट वाळतात. सेन्सर बदलावा लागेल का? (बोरिवली)

उत्तर: बहुतेक नाही. ड्रमच्या आत, दाराजवळ, दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या दिसतील, तोच सेन्सर. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना टेकला की त्यातून बारीकसा करंट जातो, त्यावरून मशीनला ओल कळते. कपड्यांच्या कंडिशनरचा थर पट्ट्यांवर बसला की करंट जात नाही आणि मशीनला वाटतं झालं वाळून. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. दोनच शर्ट टाकले तरी असं होतं, ते पट्ट्यांना नीट लागतच नाहीत.

हाच थर लिंटच्या जाळीवर पण बसतो आणि डोळ्यांना जाळी स्वच्छ दिसते. ती नळाखाली धरून बघा, पाणी आरपार गेलं तर ठीक, अळवावरच्या पाण्यासारखं वर थेंब होऊन राहिलं तर भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवा, मगच परत लावा.

प्रश्न: एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर चालवला तर चालेल का? वायर थोडी गरम लागते.

उत्तर: आजच काढा. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास ओढतं आणि साधा छोट्या पिनचा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. अर्थिंगवाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून घ्या, तोवर कपडे पंख्याखाली.

प्रश्न: ड्रायर अचानक थंडच फिरायला लागला. थर्मल फ्यूज बदलला, तीन आठवड्यांत परत उडाला. आता माणूस म्हणतो, काका, फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही. करू का? (गिरगाव)

उत्तर: काका, कृपा करून करू नका, आणि त्या माणसाकडून हे कामच करून घेऊ नका. थर्मल फ्यूज एकदाच उडतो, परत जुळत नाही, आत उष्णता मर्यादेबाहेर गेली की सर्किट तोडायचं एवढंच त्याचं काम. तो काढला तर उष्णता तेवढीच राहणार, फक्त थांबवणारं कोणी नाही, आणि आत सगळीकडे लिंट, म्हणजे अक्षरशः कापूस. घर पेटतं हो अशाने. फ्यूज दोनदा उडाला म्हणजे तो खराब नाही, एकतर हवा तुंबलीय नाहीतर तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट चिकटलाय आणि हीटर बंदच होत नाहीये. मुलुंडच्या ताईंना सांगितलं तसा पाइप आणि बोरिवलीला सांगितलं तशी लिंटची जाळी साफ करा, ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, घर मेकॅनिककडून उघडून घ्या, तिथे पण लिंट साठते. थर्मोस्टॅट त्याला मीटरवर तपासायला लावा आणि मगच नवीन फ्यूज, मशीनच्या मॉडेलनंबरचाच, जवळपासचा चालतोवाला नको. तो घरी असतानाच रिकामा ड्रायर चालू करा आणि पाइपच्या सुट्या टोकापुढे हात धरा. हवा तळव्याला जोरात लागली पाहिजे, लागली नाही तर मजुरी देऊ नका, परत उघडायला सांगा.