विभागाच्या आकड्यातून माणूस काढू नकोस

अरे, तुझा रिपोर्ट वाचला, मेहनत दिसतेय आणि नकाशे तर फारच छान झालेत. पण तू लिहिलंयस की ज्या विभागांत गरिबी जास्त तिथे आजारपण जास्त, म्हणजे गरीब माणसं जास्त आजारी पडतात. यातलं पहिलं तुझ्या डेटात आहे, दुसरं नाहीच. खरं असेलही ते, पण तुझ्या टेबलातली एकेक ओळ म्हणजे एकेक विभाग आहे, त्यामुळे आजारी नेमकं कोण पडलं हे त्यात कुठेच नोंदलेलं नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनचा १९५० चा पेपर शोधून वाचच. त्याने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले, राज्याराज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात किंवा उलट जातात याचं माप, उणे १ ते अधिक १) साधारण उणे ०.५३, आणि तेच एकेका माणसावर मोजलं तर अधिक ०.१२, म्हणजे चिन्हच उलटं! कारण काय, तर बाहेरून आलेले लोक राहायला गेले ते अशा राज्यांत जिथे तिथलेच लोक जास्त शिकलेले होते. नुसता राज्यांचा तक्ता बघून कोणालाही वाटलं असतं की बाहेरून आलेले जास्त साक्षर.

आता तुझ्या कामाचं सांगतो. डंकन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवलेली पद्धत वापर, गणित अगदी सोपं आहे. समज एका विभागात ६० टक्के लोक गरीब आणि ७० टक्के आजारी, तर दोन्ही असलेले किमान ३० टक्के असणारच आणि ६० च्या वर जाऊच शकत नाहीत. म्हणजे गरिबांतले निम्म्यापासून सगळ्यांपर्यंत कितीही आजारी असू शकतील, तुझा डेटा एवढंच सांगतो. प्रत्येक विभागासाठी ही रेंज काढ, काही ठिकाणी ती इतकी मोठी निघेल की काहीच बोलता येणार नाही, तसं स्पष्ट लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, हद्दी बदलल्या, छोटे विभाग जोडून मोठे केले की कोरिलेशनही बदलतं, तेही एकदा करून बघ.

विभागाचा डेटा टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही, दवाखाना कुठे हवा हे ठरवायला तोच लागतो. फक्त वाक्याचा कर्ता विभागच ठेव, आणि माणसांबद्दल बोलायचंच असेल तर घरोघरच्या सर्व्हेचा डेटा मिळतो का बघ, मिळाला की मला पाठव, आपण दोघं बसून बघू.