छोट्या कार्यालयांसाठी आयटी व सुरक्षा सल्ल्याचे काम : सुरुवात कुठून करावी

नोकरी सोडून मुंबईतील छोटी कार्यालये आणि व्यक्ती यांना संगणक-सुरक्षेचा सल्ला द्यावा असा आपला विचार आहे, आणि आधी कोणते प्रमाणपत्र मिळवावे असे आपण विचारले आहे. प्रमाणपत्र तूर्त बाजूला ठेवावे असे मला वाटते. सीए फर्म, मस्जिद बंदरचा घाऊक व्यापारी किंवा साकीनाक्याच्या गाळ्यातील कारखानदार ते सहसा विचारत नाहीत, आणि ज्या तपासण्यांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या यादीतील संस्थाच लागते त्या एकट्या माणसाच्या वाट्याला येत नाहीत.

पहिल्या भेटीत त्रुटी शोधणारा कोणताही स्कॅनर-प्रोग्राम चालवण्याआधी डोमेन (कंपनीचे इंटरनेटवरचे नाव) कुणाच्या नावावर आहे आणि राउटर, ईमेल व टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहेत, हे विचारावे. ‘आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडे’ हे उत्तर फार वेळा मिळते. त्याने डोमेन स्वतःच्या खासगी ईमेलवरून नोंदवलेले असते, नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते, आणि बिलावरून वाद झाला की मालकाच्या हातून कंपनीचा ईमेलच निसटतो. हा ताबा मालकाकडे आणणे हे आपले पहिले काम. मात्र त्या माणसाला न दुखावता, कारण कोणती वायर कोठे जाते हे फक्त त्यालाच ठाऊक असते.

त्यानंतर टॅलीच्या संगणकाकडे वळावे. कोविडच्या काळात घरून नोंदी करता याव्यात म्हणून अनेक ठिकाणी रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ हे पोर्ट (संगणकात येण्याचे दार) थेट इंटरनेटवर उघडले गेले, आणि काही ठिकाणी ते अजून तसेच आहे. अशी पोर्टे शोधणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. पासवर्ड कच्चा असला की रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आत येते आणि त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवरचा किंवा कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअपही कुलूपबंद करते. म्हणून पोर्ट बंद करून व्हीपीएन (दुरून जोडण्याचा सुरक्षित खासगी मार्ग) आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण) लावावी, बॅकअपची एक प्रत जोडणी काढून ठेवावी व एक कार्यालयाबाहेर. (२६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावर पाणी पाहिलेल्या मालकाला ही बाहेरची प्रत का हवी हे सांगावे लागत नाही.) दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर मालकासमोर उघडून दाखवावी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा जुन्या संगणकांची यादीही त्याच भेटीत करावी.

लेखी परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश केल्यास भरपाईची जबाबदारी येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणत्या यंत्रणा, कोणत्या तारखा आणि काय वगळायचे हे पत्रात असावे. इमारतीचे सामायिक कॅमेरे सोसायटीचे असल्यास समितीचे पत्र वेगळे घ्यावे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, म्हणून ते कोण कळवणार हे करारातच ठरवावे.

व्यक्ती बहुधा पैसे गेल्यावरच येतात. त्यांना आधी १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेला फोन करायला लावावे. त्या फोनचे शुल्क घेऊ नये. त्यांचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही स्वतः टाइप करू नये.

शुल्काबाबत माझे मत ठाम आहे. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातला विक्रेता फायरवॉलवर (नको ती इंटरनेट-जोडणी अडवणाऱ्या यंत्रावर) कमिशन देऊ करील. ते एकदा घेतले की आपला प्रत्येक सल्ला विक्रीचा वाटू लागतो. त्यापेक्षा मासिक शुल्क ठरवावे, पहिली पाहणीही पैसे घेऊनच करावी, आणि तिचा अहवाल दोन पानांचा, मालक स्वतः वाचू शकेल अशा भाषेत द्यावा.