वाचक विचारतात : अंतराळयुद्धाच्या गेममधला शत्रू किती दणकट असावा?

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी मिळून मोबाइलसाठी अंतराळयुद्धाचा गेम तयार करत आहोत. खेळाडूच्या यानावर लेझर आणि तोफ अशी दोन शस्त्रे आहेत. मित्रांना गेम खेळायला दिला, तेव्हा परग्रहवासीयांची याने दोन फटक्यांत नष्ट होतात म्हणून मजा येत नाही, अशी तक्रार आली. आम्ही त्यांची हेल्थ, म्हणजे मार सोसण्याची क्षमता दाखवणारा आकडा, दहापट केली, तर आता तोफ टिकल्यांच्या पिस्तुलासारखी वाटते, असे तेच मित्र म्हणतात. शस्त्र खरे वाटावे आणि शत्रूही भारी पडावा, हे एकाच वेळी कसे साधावे?

उत्तर : तुमच्या मित्रांच्या दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे : लढाईतली सगळी अवघड बाजू तुम्ही हेल्थच्या एका आकड्यावर सोपवली आहे. हिशेब मांडून पाहा. शत्रूच्या यानाची हेल्थ १०००, एका गोळ्याचे डॅमेज, म्हणजे त्याने कमी होणारी हेल्थ, १० आणि सेकंदाला ८ गोळे असे धरले, तर एकही नेम न चुकता ते यान पाडायला साडेबारा सेकंद लागतात. एवढा वेळ खेळाडू नुसते बटण दाबून बसतो, आणि नव्व्याण्णव गोळे झेललेले यान जसेच्या तसे समोर उभे राहिलेले पाहून त्याचा तोफेवरचा विश्वास उडतो. म्हणून हेल्थ आधी पूर्वीच्या जागी आणा. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी असतात आणि त्यांतला प्रत्येक जण एकाच गोळीत मरतो, तरीही तो गेम घाम फोडतो, कारण शत्रू कमी होत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो आणि खेळाडूला आधीची गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी झाडता येत नाही. वेग वाढण्याचे खरे कारण तांत्रिक होते : आकृत्या कमी झाल्या की यंत्राला त्या भराभर काढता येत. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले, यात मला त्यांची मोठी जाण दिसते.

आता तोफेकडे वळू. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या वस्तूमध्ये तिच्या स्वतःच्या वजनाइतक्या टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते, त्यामुळे अंतराळात गोळा लागला आणि काहीच झाले नाही, हे कुणालाही पटणार नाही. पटेल असा बचाव मात्र खरोखर अस्तित्वात आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात दुहेरी कवचाची कल्पना मांडली : बाहेर पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा आणि आत मुख्य भिंत. आदळणारा कण बाहेरच्या पत्र्यावरच फुटतो, त्याचा चुरा पसरतो आणि आतली भिंत तगते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर याच तत्त्वाची कवचे आहेत. ती सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतच्या कणांसाठी असतात, पण परग्रहवासीयांनी ही विद्या पुढे नेली आहे असे मानायला काहीच हरकत नाही. तुमच्या गेममध्ये पहिल्या गोळ्याने बाहेरचा पत्रा फाटू द्या, फाटलेली जागा स्पष्ट दिसू द्या आणि त्याच जागी दुसरा गोळा लागला तर यान फुटू द्या. मग शत्रूला शहाणपण द्या : कवच फाटताच त्याने गिरकी घेऊन ती बाजू लपवावी आणि आपल्या सोबत्याच्या आडोशाला जावे. गोळे दोनच लागतात, पण दुसरा मारण्यासाठी खेळाडूला वळसा घालून पलीकडे जावे लागते. अवघडपणा असा शत्रूच्या वागण्यातून आला, तर तोफेचा धाक जराही कमी होत नाही.

दोन शस्त्रांच्या मर्यादा मुळातच भिन्न आहेत, त्याचाही भरपूर उपयोग करून घ्या. सेकंदाला ३ किलोमीटर जाणाऱ्या गोळ्याला ३० किलोमीटरवरचे यान गाठायला १० सेकंद लागतात. तेवढ्यात पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने निसटणारे यान जवळजवळ अर्धा किलोमीटर बाजूला गेलेले असते. लेझर चुकवता येत नाही, पण त्याचा झोत अंतरानुसार पसरतो : एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा लेझर एक मीटर व्यासाच्या आरशातून सोडला, तर हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका आदर्श स्थितीतही सुमारे अडीच मीटरचा होतो आणि त्यापुढे अंतर दुप्पट झाले की तीव्रता पाव उरते. शिवाय निर्वातात हवा नसल्याने लेझरने निर्माण केलेली उष्णता केवळ प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर टाकता येते. म्हणून खेळाडूला रेडिएटरचे नाजूक पंख उघडावे लागू द्या, आणि नेमके ते उघडताच शत्रूने तिकडे रोख वळवावा. तोफेलाही धक्का हवा, म्हणजे गोळा सुटताच यान मागे ढकलले जावे, आणि तिचा नेम धरायलाही कष्ट पडावेत. सोव्हिएत संघाच्या ‘साल्युत-३’ स्थानकावर खरोखरीची तोफ होती. ती स्थानकाला पक्की जोडलेली असल्याने नेम धरण्यासाठी सबंध स्थानक वळवावे लागे.

आकडे ठरवताना हेल्थपासून सुरुवात न करता वेळेपासून करा : लहान यान नेमके सापडल्यावर एक-दोन सेकंदांत संपावे, मोठ्याचे भाग एकामागून एक निकामी व्हावेत. शत्रूने हल्ल्यापूर्वी खूण द्यावी. दिसलेल्या खुणेवर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तुमचा खेळाडू पार्ल्याहून चर्चगेटला निघालेल्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा ही खूण निदान पाऊण सेकंद आधी दिसावी. नेम धरण्यात गेमने थोडी मदत करावी, पण कोणत्या भागावर मारा करायचा हे खेळाडूनेच ठरवावे. चाचणी घेताना मित्रांना गेम आवडला का, असे विचारू नका. हरल्यावर लगेच का हरलास, एवढेच विचारा. ‘तो मरतच नव्हता’ असे उत्तर आले, तर काम बाकी आहे. ‘मी रेडिएटर उघडे ठेवले’ असे आले, तर त्या लढाईला हात लावू नका.

प्रश्न : अंतराळात आवाज पोहोचत नाही, मग असा गेम मूकच असावा का? (एक वाचक, दादर)

उत्तर : मूक नसावा. निर्वातातून ध्वनी जात नाही, पण स्वतःच्या यानाच्या सांगाड्यातून जातो. त्यामुळे आपल्या तोफेचा दणका आणि आपल्या कवचावरचा आघात जरूर ऐकू यावा. शत्रूचे यान मात्र निःशब्द फुटू द्यावे, ते अधिक परिणामकारक वाटेल. लेझरचा झोतही निर्वातात बाजूने दिसत नाही, म्हणून लक्ष्यावर लाल होत जाणारा ठिपका दाखवावा. पुष्कळ जण प्रवासात फोनचा आवाज बंद ठेवतात, तेव्हा ध्वनीतून दिलेली प्रत्येक सूचना पडद्यावरही दिसेल अशी सोय करावी.