डोक्यावर पाटी आहे, पण वजन कुठाय?

प्रश्न: ताई, मी मालवणचा, फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी फिल्म करतोय, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावरून बाजाराकडे निघालेली बाई. वॉक सायकल (पुन्हा पुन्हा चालवायची दोन पावलांची चाल) शिकवतात तशीच केलीय, १२ फ्रेमला एक पाऊल, तरी बघणारे म्हणतात ती वाळूवरून तरंगत चाललीय. स्पीड कमी केला तर अजूनच वाईट दिसतं. काय करू?

उत्तर: अरे, वजन दाखवायचं म्हटलं की सगळे आधी स्पीड कमी करतात, आणि मग कॅरेक्टरवर ओझं आहे असं न वाटता ते कंटाळलंय असं वाटतं. भरलेली पाटी डोक्यावर असलेली बाई रमतगमत चालत नाही, तिला पटकन पोचून ती उतरवायची असते, म्हणून पावलं छोटी आणि भरभर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तुझं १२ फ्रेमचं पाऊल म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक, हा मोकळं चालणाऱ्या माणसाचा हिशोब झाला. ते १० वर आण आणि पावलाची लांबी कमी कर.

पण खरं दुखणं कमरेत असणार. समोरून कॅमेरा लाव आणि पासिंग पोझवर थांब, म्हणजे एक पाय जमिनीवर आणि दुसरा त्याच्या बाजूने पुढे जातोय ती फ्रेम. आता बघ, कंबर टेकलेल्या पायाच्या वर सरकलीय का, की दोन पायांच्या बरोबर मधोमध उभी आहे? मधोमध असेल तर खरी बाई त्या क्षणी पडली असती, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला ते खटकतंच. पाय टेकला की लगेच गुडघा थोडा दुमडून अंग खाली बसायला हवं, २-३ फ्रेममध्ये, आणि वर उठायला त्याहून जास्त वेळ. ब्लेंडर मधल्या फ्रेम आपोआप भरतो ना, त्यात खाली जाणं आणि वर येणं एकसारखं गुळगुळीत होतं, तरंगणं येतं ते तिथूनच. ग्राफ एडिटरमध्ये कमरेचा वर-खालीचा कर्व उघड, छान गोल लाटा दिसत असतील तर त्या मोड.

आता पाटी. डोकं जवळपास एका पातळीत राहतं, हिसके सगळे गुडघे, कंबर आणि पाठ खातात. म्हणजे साध्या वॉक सायकलमध्ये डोकं जेवढं वर-खाली होतं त्याच्या निम्मंसुद्धा इथे नको. एक हात पाटीच्या काठाला असेल तर त्या बाजूचा खांदा वर अडकलेला, झुलतो तो फक्त दुसरा हात. वाळू सुकी असेल तर टाच खाडकन आपटत नाही, पाऊल सपाट पडतं, रुततं आणि मागे रेटताना थोडं घसरतं, ओल्या कडक वाळूवर चाल वेगळी. तुझी बाई दोन्हीवरून जात असेल तर एकच सायकल रिपीट करू नकोस प्लीज.

आणि तुझ्या फिल्ममधली सगळ्यात चांगली जागा तू अजून वापरलीच नाहीयेस असं वाटतं. तिला मागून कुणीतरी हाक मारू दे, "बांगडे कशे गो?" एरवी माणूस मान वळवतो. ही वळवणार नाही, वळवता येतच नाही. आधी डोळे कोपऱ्यात जातील, मग पाय थांबतील, मग खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं अंग एकत्र फिरेल आणि पाटी तशीच सरळ. एवढ्या एका वळण्यात पाटी किती भरलेली आहे ते कळतं. पाटी उचलतानाचा शॉट असेल तर चुंबळ नीट बसवणं, हात लावायला दुसऱ्या बाईला बोलावणं, उठण्याआधी क्षणभर थांबून श्वास घेणं, हे सगळं घे, अँटिसिपेशन, म्हणजे मुख्य हालचालीआधीची तयारी, शिकवतात ते हेच.

प्रश्न: मी रत्नागिरीला शिक्षिका आहे, मुलांसाठी गोष्टी ॲनिमेट करते. कॅरेक्टर बोलताना हात, मान, भुवया सगळं हलवते तरी ॲक्टिंग खोटी वाटते. माझ्या रिगमध्ये (कॅरेक्टर हलवायच्या सांगाड्यात) चेहऱ्याचे कंट्रोल फार कमी आहेत म्हणून असेल का?

उत्तर: नाही हो, तसं नाहीये. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या बघा, परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. लाकडी बाहुलीच्या चेहऱ्याला एकही कंट्रोल नाही, तरी नुसती मान कलली, थांबली, की तिला वाईट वाटलंय हे मागे बसलेल्या पोरालाही कळतं. तुम्ही प्रत्येक शब्दाला एक हावभाव देताय, तिथे गडबड आहे. एका वाक्याला एकच द्या, आणि तोही शब्दाच्या थोडा आधी सुरू करा, कारण माणूस आधी ठरवतो आणि मग बोलतो.

उदाहरण घ्या. गिऱ्हाईक म्हणतं, पन्नासला दे. मासेवाली ८-१० फ्रेम काहीच करत नाही. मग नजर गिऱ्हाइकावरून माशांवर, एकदा पापणी लवते, हात कापडाकडे जातो आणि मासे झाकतो, आणि मग शब्द येतात, "जमाचा नाय." हेच प्रत्येक शब्दाला हातवारे करून दाखवलंत तर काहीच उरणार नाही. ऐकणाऱ्या कॅरेक्टरलाही तेवढाच वेळ द्या. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट समोरच्याचं खरंच ऐकून उत्तर देतो, त्यामुळे गप्प असलेला नटसुद्धा बघावासा वाटतो. हातवारे मात्र दशावताराएवढे मोठे घेऊ नका, ते लांब बसलेल्या प्रेक्षकांसाठी असतात, तुमचा कॅमेरा तोंडासमोर आहे.

प्रश्न: मोबाइलवर शूट करून त्यावरून ट्रेस केलं तर ते चीटिंग धरतात का? (दापोली)

उत्तर: अजिबात नाही, मॅक्स फ्लायशर या अमेरिकन ॲनिमेटरला रोटोस्कोपचं, म्हणजे शूट केलेल्या फिल्मवरून ट्रेस करायच्या पद्धतीचं, पेटंट १९१७ लाच मिळालंय. फक्त फ्रेम टू फ्रेम ट्रेस केलं की जोर निघून जातो, म्हणून व्हिडिओतून मुख्य पोझ आणि त्यांचं टायमिंग उचला, मग पोझ थोड्या वाढवून स्वतः काढा. आणि मोबाइल बहुतेक वेळा ३० फ्रेमने शूट करतो, तो व्हिडिओ २४ च्या सीनमध्ये फ्रेमला फ्रेम लावलात तर सेकंदाचा सव्वा सेकंद होतो आणि सगळंच सुस्त दिसतं, आधी ते कन्व्हर्ट करा. हर्णै तुम्हाला जवळच आहे, संध्याकाळच्या लिलावाला जा, तिथे ओझं उचलणारी, घासाघीस करणारी इतकी माणसं एका जागी मिळतील, पण शूट करण्याआधी विचारा, कामात असलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरलेला कुणालाच आवडत नाही.