अमेरिकेत काउन्सेलिंगचं मास्टर्स आणि युनिव्हर्सिटी सेंटरमधली इंटर्नशिप, तू विचारलेलं सगळं

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमए सायकॉलॉजी झालंय, नाशिकच्या शाळेत दोन वर्षं काउन्सेलर आहेस, ऑगस्टमध्ये अमेरिकेत क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगला यायचंय आणि इंटर्नशिप युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरमध्येच करायची आहे, ती एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मिळते का, पैसे मिळतात का, पुढे नोकरी लागते का, आणि शेवटी आईचा एक प्रश्न. मी याच वाटेने आले, पुण्यात एमए, मग शाळेत नोकरी, मग इथे मास्टर्स, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी एक घोळ निस्तरू. तू पाठवलेल्या यादीत वर्षभराची फुल टाइम, स्टायपेंडवाली इंटर्नशिप लिहिलीये ती तुझ्यासाठी नाहीये गं. ती सायकॉलॉजीत पीएचडी किंवा सायडी (तीही डॉक्टरेटच) करणाऱ्यांची, साधारण २००० तासांची, तिचे अर्ज एपिक या संस्थेच्या मॅचमधून होतात, म्हणजे उमेदवार आणि सेंटर दोघांची पसंती बघून जोड्या लावतात, नोव्हेंबरच्या आसपास अर्ज आणि फेब्रुवारीत निकाल. मास्टर्सवाल्यांची वेगळी असते, सेंटरच्या वेबसाइटवर खाली कुठेतरी ‘प्रॅक्टिकम अँड मास्टर्स इंटर्न्स’ असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. लोनच्या हिशेबात इंटर्नशिपचा पगार शून्य धर.

आता तासांचं गणित. तुझा प्रोग्रॅम केक्रेपची, म्हणजे काउन्सेलिंगच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेला असेल, आणि नसेल तर दहादा विचार कर, तर आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे इंटर्नशिपआधीचा सराव, त्यात ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत, आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात २४० प्रत्यक्ष. तीस आठवडे धरले तर आठवड्याला २० तास, त्यातले ८ क्लायंटसमोर बसलेले. वाचताना ८ म्हणजे काहीच नाही वाटतं ना? पण क्लायंट आला नाही तर तो तास मोजत नाहीत. आणि युनिव्हर्सिटी सेंटर कॉलेजच्या कॅलेंडरवर चालतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही आणि डिसेंबरमध्ये पोरं घरी गेली की सगळं सामसूम, उन्हाळ्यातही तेच. माझ्या पहिल्या साइटने, म्हणजे इंटर्नशिपच्या जागेने, इंटरव्ह्यूत ८ क्लायंट कबूल केले आणि प्रत्यक्षात आठवड्याला ३-४ दिले. मी नवीन, बोलायला संकोच, वाटलं होईल हळूहळू. सेमिस्टर संपलं तेव्हा ५० च्या वर तास कमी पडत होते, मग उन्हाळ्यात दुसरीकडे जाऊन भरले आणि त्या क्रेडिटची फी वेगळी. ते पैसे बाबांनी पाठवले, मला अजून ते टोचतं. म्हणून इंटरव्ह्यूत सरळ विचार की मागच्या वर्षीच्या इंटर्नचे डायरेक्ट तास किती भरले आणि सुट्टीत काय व्यवस्था करता. हे विचारणं उद्धटपणा नाहीये, चांगल्या साइटला उलट बरं वाटतं.

आणखी एक, बरीच सेंटर्स आपल्याच युनिव्हर्सिटीतल्या काउन्सेलिंग प्रोग्रॅमचे विद्यार्थी घेत नाहीत. कारण उघड आहे, तुझ्याच वर्गातली मुलगी वेटिंग रूममध्ये बसलेली असू शकते. मग शेजारच्या युनिव्हर्सिटीत अर्ज करावा लागतो. तर अॅडमिशन घेताना बघ की बसच्या अंतरावर दुसरी एखादी युनिव्हर्सिटी किंवा कम्युनिटी कॉलेज आहे का. छोट्या गावातली एकुलती एक युनिव्हर्सिटी असेल तर गाडी लागेल, आणि गाडी म्हणजे इन्शुरन्स, बर्फ, सगळं आलं.

व्हिसाचं आता नीट वाच, इथे लोक घसरतात. कॅम्पसबाहेरच्या साइटसाठी सीपीटी, म्हणजे शिकताना काम करायची परवानगी, लागतं, ते तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसचा डीएसओ, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं बघणारा अधिकारी, आय-ट्वेंटीवर, म्हणजे युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, टाकून देतो, आणि बिनपगारी असली तरी ‘पैसे नाहीत म्हणजे परवानगी नको’ असं धरून चालू नकोस. साधारण एक पूर्ण अकॅडमिक वर्ष झाल्यावर सीपीटी मिळतं, पण कोर्सलाच आधी ट्रेनिंग सक्तीचं असेल तर ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना त्यात सूट आहे, म्हणून प्रॅक्टिकम दुसऱ्याच सेमिस्टरला असेल तर पहिल्या महिन्यात जाऊन विचार. आठवड्याला २० तास किंवा कमी म्हणजे पार्ट टाइम, त्याने ओपीटीला, म्हणजे डिग्रीनंतर काम करायच्या परवानगीला, धक्का लागत नाही. फुल टाइम सीपीटी १२ महिने झालं की ओपीटी गेलं. आणि तारीख! माझ्या साइटचं ट्रेनिंग सेमिस्टरच्या दोन आठवडे आधी होतं, माझं सीपीटी सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून, मी आपली उत्साहात ट्रेनिंगला निघालेले, आदल्या संध्याकाळी डीएसओला सहज ईमेल केला म्हणून वाचले, तारीख बदलून घेईपर्यंत पाऊल टाकू नको म्हणाला. तिथे एक दिवस जरी बसले असते तरी व्हिसाच्या स्टेटसचा प्रश्न झाला असता.

त्यानंतर ओपीटी, १२ महिने. स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणितवाल्यांना, मिळतात ते पुढचे २४ महिने मेंटल हेल्थ काउन्सेलिंगला मिळत नाहीत, तुझ्या आय-ट्वेंटीवरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा ठरलेला नंबर, बघून खात्री कर. आता लायसन्सकडे बघ. नाव प्रत्येक राज्यात वेगळं, टेक्ससला एलपीसी, न्यूयॉर्कला एलएमएचसी, आणि दोन्हीकडे डिग्रीनंतर ३००० तास सुपरव्हिजनखाली काम लागतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे धरले तरी २००० होतात. म्हणजे ओपीटीत पूर्ण लायसन्स बसतच नाही, एम्प्लॉयरने एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, केला तरच. त्यात ओपीटीवर ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही आणि टेक्सससारख्या ठिकाणी आधी असोसिएट, म्हणजे सुपरव्हिजनखाली काम करायचं, लायसन्स हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, ते यायला वेळ लागला की तुझे दिवस जळतात. म्हणून लायसन्सची परीक्षा शेवटच्या सेमिस्टरला देता येत असेल तर तेव्हाच देऊन टाक, कागद आधी तयार ठेव.

पण युनिव्हर्सिटी सेंटरचा मोठा फायदाही इथेच आहे. युनिव्हर्सिट्या एच-वन-बीच्या लॉटरीतून वगळलेल्या आहेत, वर्षात कधीही अर्ज करू शकतात. खाजगी क्लिनिकला ते नाही. म्हणून इंटर्नशिप युनिव्हर्सिटीत केलेली, तिथली माणसं ओळखणारी असणं याला आपल्यासाठी किंमत आहे. अर्थात करू शकतात म्हणजे करतातच असं नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर फीचा आदेश निघाला, तो कोणाला लागतो कोणाला नाही हे तुझ्या वेळेला इंटरनॅशनल ऑफिसकडूनच समजून घे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. आणि परत यायचं झालं तर हेही आत्ताच माहीत असू दे की या डिग्रीवर भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, त्याला आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. काउन्सेलर म्हणून काम करता येईल, पण मनात काय धरून येतेयस ते स्वतःशी स्पष्ट कर.

बरं, आता काम. हे लिहायला मला खरं आवडतं. विद्यार्थी येतो, टॅबवर सीकॅप्स नावाची प्रश्नावली भरतो, मोठी ६२ प्रश्नांची, पुढच्या भेटींना ३४ ची, त्यात नैराश्य, चिंता, अभ्यासाचा ताण, खाण्याचे प्रश्न, दारू असे वेगवेगळे स्कोअर येतात आणि जीव संपवण्याच्या विचारांचा एक प्रश्न असतो. तो स्कोअर वर असला की खोलीत जाण्याआधी तुला माहीत असतं. तरी माझ्या दुसऱ्याच क्लायंटला मी तो प्रश्न विचारला नाही, म्हणजे मी विचारलं की खूप वाईट वाटतं का, काही नकोसं वाटतं का, आपल्याकडे जसं आडून विचारतो तसं. सेशन रेकॉर्ड होतं, क्लायंटची संमती घेऊन, आणि सुपरव्हायझर ते तुझ्यासोबत बसून बघते. तिने व्हिडिओ तिथेच थांबवला आणि शांतपणे म्हणाली, तू दार ठोठावलंस आणि आत न जाता परत आलीस. मग आम्ही त्या क्लायंटला त्याच दुपारी फोन केला, ती ठीक होती, पण मी ते विसरणार नाही. त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून इंग्रजीत तो प्रश्न मोठ्याने म्हटला, वीस वेळा तरी, सरळ शब्दांत, ‘मारणं’ हा शब्द न गाळता. तू नाशिकमध्येच सुरुवात कर, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा श्वास सोडतो. आणि सेफ्टी प्लॅन, म्हणजे तो विचार आला तर काय करायचं याची लेखी योजना, लिहिताना इथे घरात बंदूक आहे का हेही विचारावं लागतं, रूममेटकडे आहे का, गाडीत आहे का. पहिल्यांदा माझी जीभ वळेना. पण तो प्रश्न जीव वाचवतो, त्याची लाज वाटू देऊ नको.

बाकी काम म्हणजे इनटेक (माहिती घ्यायची पहिली भेट), ४५-५० मिनिटांची सेशन्स, नोट्स, ग्रुप, हॉस्टेलमध्ये जाऊन परीक्षेच्या ताणावर कार्यक्रम. बहुतेक ठिकाणी थोडक्या सेशन्सचं मॉडेल असतं, मग क्लायंटला बाहेर रेफर करावं लागतं, ते पहिल्या वर्षी जड जातं.

आपली मुलं पण येतात. भारतातून आलेला इंजिनियरिंगचा मुलगा ‘मी उदास आहे’ म्हणत नाही, झोप लागत नाही म्हणतो, डोकं जड झालंय म्हणतो, कोडिंगमध्ये लक्ष लागत नाही म्हणतो, आणि चौथ्या सेशनला सांगतो की वडिलांनी शेत गहाण ठेवून पाठवलंय. इथल्या ट्रेनिंगमध्ये रोज आईला फोन करणाऱ्या मुलाकडे कधीकधी जरा संशयाने बघतात, फार गुंतलेलं कुटुंब वगैरे. तिथे तू बोल. मी केस कॉन्फरन्समध्ये सांगितलं की तो फोन ही त्याच्या दिवसातली एकच जागा आहे जिथे त्याला कोणी जेवलास का विचारतं, आणि टीमने ऐकलं.

मराठी क्लायंटचं मात्र वेगळं. एका मुलीने माझं आडनाव बघून मलाच मागितलं. मला इतका आनंद झाला! पण गाव छोटं, गणपतीला तिनेही यायचं आणि मीही, मोदकाच्या रांगेत पुढेमागे. आणि मराठीत सेशन केलं तर रेकॉर्डिंग सुपरव्हायझरला कळणार कसं? मी शिकाऊ, माझं काम कोणी बघितलंच नाही तर त्या मुलीचं नुकसान. शेवटी तीन सेशन्स केली, इंग्रजीत, मध्ये जिथे शब्द अडला तिथे मराठी, आणि मग तिच्याशी बोलून दुसऱ्या काउन्सेलरकडे दिलं. ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं, वाईटही वाटतं. बाहेर कुठे दिसली तर ती ओळख दाखवेल तेव्हाच मी दाखवायची, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यायचं असतं.

म्हणून साइट निवडताना नाव बघू नको, सुपरव्हायझर बघ. केक्रेपप्रमाणे आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन मिळालंच पाहिजे, शिवाय ग्रुप सरासरी दीड तास. विचार की तुम्ही रेकॉर्डिंग बघता का, क्रायसिस आला तर खोलीबाहेर कोण असतं, आणि आंतरराष्ट्रीय इंटर्न याआधी घेतलाय का. दोन ठिकाणी मी हे विचारलं, एकीने घड्याळ बघितलं, दुसरी म्हणाली माझं दार उघडं असतं आणि मला तिचं दार खरंच उघडं दिसत होतं. मी तिथे गेले.

येताना एमएचा सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यासह, शाळेचं अनुभवपत्र, लसींची नोंद, आणि जमलं तर पोलीस क्लिअरन्स घेऊन ये, बॅकग्राउंड चेक होतोच. नाशिकचे तास इथे मोजणार नाहीत, पण इंटरव्ह्यूत दहावीच्या बोर्डाला घाबरलेल्या पोरांसोबत तू काय केलंस ते सांग, इथे वर्गात बहुतेकांनी अजून क्लायंट पाहिलेला नसतो. पुढच्या ऑगस्टसाठीचे अर्ज साधारण जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होतात, म्हणजे आल्यावर पाच महिन्यांत.

आता तुझ्या आईचा प्रश्न, परक्या पोरांची दुःखं ऐकून ही एकटी तिथे आजारी पडेल का. काकूंना खरं सांग. पहिल्या क्रायसिसच्या दिवशी मी बसस्टॉपवर बसून रडले, दोन बस सोडल्या, घरी गेल्यावर वरणभात केला आणि खाल्ला नाही. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता सुपरव्हिजनचा तास होता, आणि त्या तासात पहिली पंधरा मिनिटं त्या क्लायंटबद्दल एक शब्द निघाला नाही, सुपरव्हायझरने फक्त मला विचारलं की काल रात्री तू जेवलीस का.