जंताची गोळी मुलाला मिळाली, आईचं काय?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेत दर सहा महिन्यांनी जंताची गोळी मिळते, तरी रात्री ढुंगण खाजवत उठतो, झोपेत दात खातो. सासूबाई म्हणतात, गूळ-खोबरं बंद कर आणि वावडिंग दे. शाळेतली गोळी खरी असते ना? आणखी एक. वर्षभर मला घाटी चढताना धाप लागते. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन 8.4 निघालं. लोहाच्या गोळ्या घेतल्या की वाढतं, सोडल्या की परत उतरतं. घरचं सुपारीचं आगर आहे, शिंपण्याचं काम माझ्याकडेच असतं.
— एक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी मुलाचं सांगते, ते लवकर आटपेल. गोळी खरीच असते. 2015 पासून ही सरकारी मोहीम आहे. साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत नि शाळेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती चावून खायची. त्या दिवशी मूल आजारी किंवा गैरहजर असेल तर नंतर एक जादा दिवस ठेवलेला असतो, तो चुकवू नका.

तुमच्या वर्णनावरून मुलाला सुतासारखे बारीक पांढरे जंत असावेत. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून खाज सुटते. खाजवलं की अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात. एका गोळीने पोटातले जंत मरतात, पण अंथरुणातली आणि नखांतली अंडी तशीच राहतात. त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. मुलाची नखं कापा, सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घाला, चड्ड्या-चादरी गरम पाण्यात धुवा. गूळ-खोबरं खुशाल द्या. गोड खाऊन जंत होत नाहीत, आणि दात खाण्याचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. वावडिंगाला माझी हरकत नाही, फक्त ते गोळीच्या जागी नको.

आता तुमच्याकडे येते. मला खरी काळजी तुमची वाटते.

सरकारची गोळी एकोणिसाव्या वर्षी थांबते. पुढे बाई गरोदर राहिली तर पहिले तीन महिने उलटल्यावर तिला एकदा मिळते. एरवी आगरात राबणाऱ्या बाईला जंत असतील असं कोणाच्या मनातही येत नाही. रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या हातात पडतात. त्या हव्यातच. पण गोळ्या सोडल्या की रक्त परत उतरतं, याचा अर्थ ते कुठून तरी जातंय. पाळीत फार जात असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दुसरी शक्यता अंकुशकृमीची, ज्याला दवाखान्यात हुकवर्म म्हणतात.

हा जंत सेंटिमीटरभर लांबीचा असतो. लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. एका जंताने फार रक्त जात नाही. पण असे शंभर-दोनशे जंत वर्षानुवर्षं राहिले तर घाटी चढताना धाप लागणारच. तो पोटात वाढून दुप्पट-तिप्पट होत नाही. जितके जंत आत आहेत, तितके सगळे बाहेरून आलेले असतात. बहुतेक वेळा ते पायातून येतात. 1898 साली कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर या जंताच्या अळ्या असलेलं पाणी सांडलं. त्वचा लाल झाली, खाज सुटली, आणि पुढे त्याच्या स्वतःच्या शौचात अंडी सापडली. अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन आतड्यात पोचते.

उघड्यावर शौच झालं की त्यातली अंडी मातीत उबतात. अळीला लागते सावली, ओल आणि ऊब. सुपारीच्या आगरात हे तिन्ही बारा महिने असतं. उन्हाळ्यात इतर जमीन करपते, तेव्हाही तुम्ही शिंपून आगर ओलं ठेवता आणि अनवाणी हिंडता. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात खाज आली की आपण चिखल्या म्हणून सोडून देतो. पण पायावर बारीक पुरळ येऊन खाज सुटली तर ती या अळीचीही असू शकते.

घरात संडास असूनही आगरात घाण होते, ती गणपतीत. मुंबईची मंडळी येतात, एका संडासावर तीस माणसं, मुलं माडाखाली बसतात. ओतलेलं पाणी जिरत नाही, शोषखड्डा भरून आगराकडे वाहतो. म्हणून गणपतीच्या आधी खड्डा बघून घ्या आणि मुलांनाही संडासच वापरायला लावा. विहिरीपासून खड्डा निदान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्यातून पाणी झरतं, त्यामुळे जमेल तितका आणखी लांब. पिण्याचं पाणी उकळा, आव करणाऱ्या अमिबासाठी नुसत्या टीसीएलवर (पाणी शुद्ध करायच्या पावडरीवर) विसंबू नका.

लावणीच्या चिखलात बूट घालून काम होत नाही, ते मला माहीत आहे. पण शिंपताना, सुपारी वेचताना गमबूट घालता येतात. चपलेपेक्षा तेच बरे, चपलेत चिखल शिरतोच.

या आठवड्यात शौचाची तपासणी करा. नमुना त्याच दिवशी द्या, कारण या जंताची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि मग ओळखणं अवघड होतं. एकदा काही सापडलं नाही तर आणखी दोन दिवसांचे नमुने द्या. पाळी चुकली असेल तर गोळीआधी सांगा, पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. जंत निघाले तर गोळी घ्या आणि लोहही चालू ठेवा. हिमोग्लोबिन 12 झाल्यावरसुद्धा तीन महिने थांबवू नका, शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. शौच काळं झालं तर घाबरू नका, ते लोहाने होतं.

सासूबाईंनीही आयुष्य याच आगरात काढलं असेल. त्यांचं रक्त आणि शौच त्याच दिवशी तपासून घ्या.